वाटेपुरता हात : कंपवाताच्या एका औषधाचा इतिहास

वहाणांच्या एखाद्या जोडाकडे पाहा. कातडे तेच, टाके तेवढेच, वजनही सारखे. तरीही डावी वहाण उजव्या पायात घालून मैलभर चालण्याचे धाडस कोणी करणार नाही. ज्या सूक्ष्म रेणूंचे आपले शरीर बनले आहे, त्यांतील पुष्कळांची गोष्ट अशीच आहे. त्यांचे घटक अणू तेच, त्यांची जोडणीही तीच, पण घडण मात्र दोन प्रकारची : एक डावी आणि एक उजवी. आरशातील प्रतिमेप्रमाणे ती एकमेकींशी जुळतात, पण एकीच्या जागी दुसरी चपखल बसत नाही. अशा रेणूंना शास्त्रज्ञ 'कायरल' म्हणतात. हा शब्दच मुळी ग्रीक भाषेतील हाताच्या नावावरून आला आहे.

आता प्रश्न असा, की हा डावे-उजवेपणा आजारी माणसाच्या काय कामाचा? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी एकाच औषधाचा इतिहास आपल्यापुढे ठेवणार आहे. औषधाचे नाव एल-डोपा. कंपवाताने, म्हणजे ज्याला इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन याच्या नावाने ओळखतात त्या रोगाने, जखडलेल्या माणसाला ते पुन्हा चालते करते. या औषधाचे नवल असे की, त्याचे डावेपण केवळ प्रवासापुरते आहे. मुक्कामाला पोहोचताच ते गळून पडते. पण त्या वाटेपुरत्या हातासाठी रसायनशास्त्राला सव्वाशे वर्षे खपावे लागले. ते का आणि कसे, हाच आजचा विषय.

या इतिहासाचा प्रारंभ १८४८ साली पॅरिसमध्ये झाला. लुई पाश्चर तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. द्राक्षासवाच्या पिंपांत जो साका बसतो त्यापासून टार्टारिक आम्ल मिळते. आपल्या चिंचेचा आंबटपणाही मुख्यतः याच आम्लाचा. या आम्लाच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला, तर त्याची पातळी उजवीकडे वळते. परंतु त्याच कारखान्यांतून कधी कधी दुसरे एक आम्ल निघे. त्याचे घटक तंतोतंत तेच असत, पण प्रकाश मात्र तिळभरही वळत नसे. पाश्चरने या दुसऱ्या आम्लाच्या एका लवणाचे स्फटिक भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्याला दिसले की ते एकजात नाहीत. काहींच्या अंगचे लहानसे पैलू एका बाजूला कललेले होते, तर काहींचे दुसऱ्या बाजूला. गृहिणी सुपात तांदूळ घेऊन खडे निवडते, तसे त्याने ते स्फटिक हाताने निवडून वेगळे केले. एका ढिगाचे द्रावण प्रकाशाला उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे डावीकडे. समसमान मिसळले की दोघांचे कार्य एकमेकांना मारून टाकी. वृद्ध शास्त्रज्ञ बियो याचा यावर विश्वास बसेना. त्याने पाश्चरला आपल्यासमोर, आपल्याच रसायनांनी, सारा प्रयोग पुन्हा करावयास लावला आणि मगच मान डोलावली.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. हे लवण साधारण सत्तावीस-अठ्ठावीस अंशांखालच्या उष्णतामानातच असे वेगवेगळ्या स्फटिकांत जमते; त्याहून अधिक उष्णतेत डावे-उजवे एकाच स्फटिकात गुंफले जातात. पाश्चर वैशाखातल्या नागपुरात असता, तर त्याच्या हाती काही लागते ना! पुढे १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी, एकमेकांच्या साहाय्यावाचून, कारणही दाखवून दिले. कार्बन अणूचे चार हात चारी दिशांना पसरलेले असतात, आणि त्या चारही हातांना चार वेगळे गट लागले, तर त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते.

पाश्चरने काय केले ते नीट ध्यानात ठेवावे. त्याने निवडले, घडवले नाही. प्रयोगशाळेत साध्या मार्गाने रेणू तयार केला की डावे आणि उजवे निम्मे निम्मे होतात. कारण डावे-उजवे न जाणणाऱ्या साधनाला दोन्ही सारखेच. सजीव सृष्टीत मात्र असे होत नाही. वनस्पती आणि प्राणी यांच्या शरीरातील एंझाइमे स्वतःच एका हाताची असल्यामुळे ती एकाच हाताचा माल काढतात. निसर्ग घडवतो आणि माणूस निवडतो, हा भेद पुढे शंभराहून अधिक वर्षे कायम राहिला.

या भेदाचे उत्तम उदाहरण म्हणजे डोपा. हे द्रव्य १९११ साली प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले, ते अर्थात डावे-उजवे मिसळलेले. १९१३ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मार्कुस गुगेनहाइम या रसायनज्ञाने एका जातीच्या घेवड्यातून ते काढले, तेव्हा ते शुद्ध डाव्या हाताचे होते. त्याने स्वतः अडीच ग्रॅम घेऊन पाहिले आणि त्याला जोराच्या वांत्या झाल्या. १९३७ साली मद्रासचे दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी हेच डाव्या हाताचे डोपा आपल्या परिचयाच्या खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले. शेंगेवरील कुसळांनी अंगाची आग करणारी ही वेल! तिच्या बियांना आयुर्वेदात स्थान आहे, हे आपण जाणतो. त्यावरून प्राचीनांना मेंदूचे रसायन ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावा. पण वेलीने हे द्रव्य एकाच हाताचे, अचूक आणि अव्याहत घडवले, एवढे सत्य उरतेच. १९३८ साली जर्मनीत पेटर होल्ट्झ याला असे एंझाइम सापडले, की जे डाव्या डोपाचे डोपामाइनमध्ये रूपांतर करते. पण डोपामाइनला त्या वेळी कोणी विचारीत नव्हते. ॲड्रेनॅलिन तयार होण्याच्या वाटेवरील एक पायरी, एवढीच त्याची प्रतिष्ठा.

त्याची खरी योग्यता कळून आली ती दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीमुळे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग कसा होतो, हे एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली बाझेल येथे तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य निघाले. हे द्रव्य अधिक दिल्यास प्राणी निपचित, ताठरलेले पडतात. थेट कंपवाताच्या रोग्यासारखे. स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन याने १९५७ साली अशा निश्चेष्ट सशांना डोपा टोचले, तो ते थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. पाठोपाठ त्याने दाखवून दिले की, डोपामाइन ही नुसती पायरी नसून ते मेंदूतील एक स्वतंत्र द्रव्य आहे. त्या कार्यासाठी त्याला २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रोगाची छाया एका भारतीय वनस्पतीत, आणि उताऱ्याचे द्रव्य दुसरीत, असा हा योग आहे.

१९६० साली व्हिएन्ना येथे एरिंगर आणि हॉर्निकीविच यांनी मृत रोग्यांचे मेंदू तपासले. हालचालींचे नियमन करणाऱ्या भागात, जेथे निरोगी माणसाचे डोपामाइन विपुल असते, तेथे कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत ते फारच थोडे आढळले. पार्किन्सनने १८१७ साली या रोगाचे वर्णन लिहिले, त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी त्याचे रासायनिक कारण हाती आले. उणीव डोपामाइनची आहे, तर मग रोग्याला डोपामाइनच का देऊ नये?

कारण ते मेंदूत शिरतच नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची एक चिरेबंदी भिंत आहे. डोपामाइनला तेथे दार नाही. डोपाला मात्र आहे. डोपा हे प्रथिनांतील अमिनो आम्लांच्या कुळातले असल्यामुळे, त्यांना आत नेणारी जी वाहक प्रथिने त्या भिंतीत असतात, ती त्यालाही आपले म्हणून उचलतात. आत गेल्यावर एंझाइम त्याचा एक भाग कापून टाकते आणि डोपामाइन मोकळे होते. जे द्रव्य स्वतः औषध नसून शरीरात पोहोचल्यावर औषध होते, त्याला 'प्रोड्रग' म्हणतात. आपण त्याला पूर्वौषध म्हणू. आता डावे-उजवेपणाचे मर्म पाहा. एंझाइम डावाच डोपा कापते. परंतु कापल्यानंतर जे डोपामाइन उरते, त्याला डावे-उजवेपण मुळीच नाही! ज्या कार्बनभोवती चार वेगळे गट होते, त्यातला एक गट गेला आणि त्याबरोबर हातही गेला. मध्ययुगातला निरोप्या राजमुद्रा दाखवून सात दरवाजे ओलांडी आणि निरोप पोहोचल्यावर मुद्रा परत करी, तसा हा प्रकार. मुद्रेचे काम दरवाजापुरते. पण खोटी मुद्रा घेऊन आलेला निरोप्या बाहेरच राहणार.

१९६१ साली व्हिएन्नातील बिर्कमायर आणि हॉर्निकीविच यांनी एल-डोपा, म्हणजे डावा डोपा, रोग्यांच्या शिरेतून दिला. खाटेला खिळलेली माणसे काही तासांपुरती का होईना, उठून बसली, चालली. तथापि हा परिणाम अल्पकाळचा होता, आणि पुष्कळांनी शंका घेतल्या. ती कोंडी अमेरिकेत जॉर्ज कॉट्झियस याने फोडली. ब्रुकहेव्हन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्याने रोग्यांना डोपा तोंडावाटे, अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून हळूहळू वाढवत, दिवसाला कित्येक ग्रॅमपर्यंत दिला. १९६७ साली त्याने प्रसिद्ध केलेला वृत्तान्त खळबळजनक होता : सोळा रोग्यांपैकी आठ जणांत ठळक सुधारणा. परंतु त्याचा डोपा मिश्र होता, निम्मा डावा, निम्मा उजवा. काही रोग्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या. मग त्याने निव्वळ डावा डोपा वापरून १९६९ साली पुढचा वृत्तान्त दिला. मात्रा कमी लागली आणि औषध अधिक निर्धोक ठरले. १९७० साली अमेरिकेत एल-डोपाला मान्यता मिळाली.

येथवरचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांत सापडतो. पण औषधाला मान्यता मिळाली म्हणजे ते रोग्याच्या हाती पडले, असे नव्हे. थोडा हिशेब करू. एका रोग्याला दिवसाला चार ग्रॅम धरले, तर वर्षाला जवळजवळ दीड किलोग्रॅम औषध लागते. दहा हजार रोग्यांना सुमारे पंधरा टन! पाश्चरच्या रीतीने, म्हणजे आधी मिश्र करून मग निवडण्याच्या रीतीने, एवढा माल काढायचा तर उजव्या हाताचा तेवढाच माल बाजूला काढावा लागणार. तो पुन्हा मिश्र करून नव्याने निवडावा, तर त्याचा खर्च वेगळा. रोग एकदा जडला की मरेपर्यंत सुटत नाही; तेव्हा औषधही मरेपर्यंत विकत घ्यावयाचे. वाया जाणाऱ्या या निम्म्या मालाची किंमत शेवटी कोण देणार होते? अर्थात रोगीच.

अमेरिकेतील सेंट लुईस येथे मोन्सँटो कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम नोल्स नावाचा रसायनज्ञ होता. ही कंपनी व्हॅनिलिन बनवीत असे. आइसक्रीमला व्हॅनिलाचा वास देणारे हेच द्रव्य. व्हॅनिलिनपासून डोपाकडे जाता येते, आणि कंपनी हॉफमन-ला रोश या औषध कंपनीला एल-डोपाच्या मार्गावरील एक मिश्र द्रव्य पुरवीतही होती. नोल्सच्या मनातला विचार मात्र एल-डोपाच्या आधीचा होता. जेफ्री विल्किन्सन याने लंडनमध्ये ऱ्होडियम या मौल्यवान धातूचा एक उत्प्रेरक तयार केला होता. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य. विल्किन्सनचा उत्प्रेरक द्रावणात विरघळून, कार्बनच्या दुहेरी बंधावर हायड्रोजन जोडण्याचे काम सौम्यपणे करी. त्यातील ऱ्होडियमच्या अणूला फॉस्फरसयुक्त फॉस्फीन रेणू लगडलेले असतात. फॉस्फरसला तीन वेगळे गट जोडले, तर तोही डावा किंवा उजवा होऊ शकतो, हे तोपर्यंत सिद्ध झाले होते. नोल्सने विचार केला : उत्प्रेरकातल्या साध्या फॉस्फीनच्या जागी एकाच हाताचे फॉस्फीन बसवले, तर निपजणारा रेणूही एकाच हाताचा होईल काय?

१९६८ साली त्याने आणि त्याचा सहकारी सॅबॅकी याने याचे उत्तर प्रसिद्ध केले. एका हाताचे आधिक्य मिळाले ते १५ टक्के. म्हणजे शंभर रेणूंत एका बाजूचे सत्तावन्न-अठ्ठावन्न आणि दुसऱ्या बाजूचे बेचाळीस-त्रेचाळीस. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे यश कवडीमोलाचे! पण माणसाने बनवलेला, एंझाइम नसलेला, द्रावणात वावरणारा धातूचा उत्प्रेरक डावे-उजवे ओळखू शकतो, हे त्यातून निःसंशय ठरले. त्याच वर्षी जर्मनीत हॉर्नर यानेही याच दिशेचे प्रयोग प्रसिद्ध केले. निवडण्याकडून घडवण्याकडे पाऊल पडले ते येथे. पंधरा टक्के पाहून नोल्स थांबला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. तो थांबला नाही, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पुढची वाटचाल फॉस्फीनची घडण बदलत बदलत झाली. एका फॉस्फीनने आधिक्य ८८ टक्क्यांवर नेले. दरम्यान फ्रान्समध्ये आंरी कागान याने १९७१ साली दोन फॉस्फरस असलेले, ऱ्होडियमला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे फॉस्फीन बनवले. त्यासाठी त्याने एक हाताचे मूळ द्रव्य कोणते घेतले? टार्टारिक आम्ल! पाश्चरने ज्याचे स्फटिक निवडले, तेच सव्वाशे वर्षांनी नव्या उत्प्रेरकाचा पाया झाले. नोल्स आणि त्याचे सहकारी यांनीही मग आपली दोन फॉस्फीने एकत्र जोडून 'डायपँप' नावाचे फॉस्फीन सिद्ध केले आणि आधिक्य ९५ टक्क्यांवर पोहोचले. उरलेली अल्पशी भेसळ स्फटिकीकरणात निघून जाई. हजारो रेणूंना उत्प्रेरकाचा एक रेणू पुरे. सत्तरच्या दशकात मोन्सँटोने या मार्गाने एल-डोपा काढावयास आरंभ केला. असममित उत्प्रेरणाने, म्हणजे उत्प्रेरकाकरवी एकाच हाताचा रेणू घडवून, कारखान्यात माल निघाल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

हे घडते कसे, याचा उलगडा शिकागोच्या जॅक हाल्पर्न याने पुढे केला, आणि तो सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध निघाला. आपल्याला वाटेल की, जो रेणू उत्प्रेरकाला घट्ट आणि नीट बसतो, तोच पुढे जाऊन फलद्रूप होत असेल. प्रत्यक्षात घट्ट बसलेला बसूनच राहतो. जो सैल बसतो आणि संख्येनेही थोडा असतो, तोच हायड्रोजनशी इतक्या वेगाने संयोग पावतो, की जवळजवळ सगळे पीक त्याचेच येते. निवड आसनावर होत नाही. ती वेगावर होते.

२००१ साली नोल्स, जपानचे र्‍योजी नोयोरी आणि अमेरिकेचे बॅरी शार्पलेस यांना असममित उत्प्रेरणासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. नोल्स त्याआधीच, १९८६ साली, निवृत्त झाला होता. या यशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एल-डोपा रोग बरा करीत नाही. मेंदूतील पेशी झिजतच राहतात. काही वर्षांनी औषधाचा अंमल चढता-उतरता होतो, आणि अंगाला नको असलेल्या हालचाली सुरू होतात. शिवाय मेंदूबाहेरही डोपाचे डोपामाइन होऊन मळमळ आणि वांत्या होत. गुगेनहाइमला झालेला त्रास याच जातीचा. यावर उपाय म्हणून मेंदूबाहेरचे एंझाइम रोखणारे कार्बिडोपा जोडीला देण्यात येऊ लागले आणि १९७५ साली हे जोड-औषध अमेरिकेत मान्य झाले. त्यामुळे डोपाची मात्रा बरीच उतरली. हीच जोडी आजही कंपवाताच्या उपचाराचा कणा आहे. जपानमध्ये पुढे जिवाणूंच्या एंझाइमाकरवीही एल-डोपा काढण्यात आला. म्हणजे माणसाने घडवण्याची कला शिकून झाल्यावर निसर्गालाही पुन्हा कामाला लावले.

आता या इतिहासाचे सर्वात अलीकडचे पान उलटून पाहू. विषाणूंवरील काही औषधांना पेशीत शिरताना हीच अडचण येते. त्यांच्या कार्यक्षम रूपातील फॉस्फेटावर विद्युद्भार असतो, आणि पेशीचे आवरण त्याला आत घेत नाही. ब्रिटनमधील कार्डिफ येथील ख्रिस मॅक्गिगन याने नव्वदच्या दशकात त्या फॉस्फेटावर बुरखा घालण्याची युक्ती काढली. पेशीत गेल्यावर एंझाइमे तो बुरखा उतरवतात. हेही पूर्वौषधच. यकृतदाहाच्या 'सी' प्रकारावरील सोफोसबुविर हे औषध याच जातीचे असून अमेरिकेत त्याला २०१३ साली मान्यता मिळाली. बुरखा घातला की मधला फॉस्फरस डावा किंवा उजवा होतो. आणि सोफोसबुविरच्या बाबतीत विषाणूवरील चाचणीत एक हात दुसऱ्यापेक्षा दसपटीहून अधिक प्रभावी ठरला. बुरखा उतरला की येथेही तो हात नाहीसा होतो! प्रारंभी रसायनज्ञांनी येथेही पाश्चरचीच वाट धरली : आधी मिश्र करावे, मग निवडावे. २०१७ साली मर्क कंपनीच्या रसायनज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात असा उत्प्रेरक प्रसिद्ध केला, की जो धातूशिवाय, एकाच वेळी अनेक बाजूंनी हात लावून, अशा पूर्वौषधातला फॉस्फरस जवळजवळ पूर्णपणे एकाच हाताचा घडवतो. नोल्सच्या काळी एका हाताचा फॉस्फरस हे साधन होते. पन्नास वर्षांनी तो स्वतःच साध्य झाला.

श्रोतेहो, या साऱ्या खटाटोपाकडे पाहून कोणी विचारील की, जो हात मुक्कामाला पोहोचताच टाकून द्यायचा, त्याच्यासाठी एवढे श्रम कशाला? त्याला उत्तर एवढेच, की औषध वाटेतच अडले तर मुक्कामाचे गुण घेऊन काय करायचे? डोपामाइनची उणीव व्हिएन्नात १९६० सालीच कळली होती. कमी होती ती योग्य मुद्रेची, आणि ती स्वस्तात व विपुल पाडणाऱ्या टाकसाळीची. ती टाकसाळ उभी राहिली तेव्हा तिच्यात पाश्चरचे स्फटिक होते, खाजकुइली आणि सर्पगंधा होत्या, व्हिएन्नातील शवागार होते, आणि सेंट लुईसमधला पंधरा टक्क्यांचा तो तुटपुंजा आकडाही होता. सकाळी एखादा कंपवाताचा रोगी गोळी घेतो, आणि अर्ध्या-पाऊण तासाने स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणे लावतो. त्या गोळीतील डावा हात तोवर नाहीसा झालेला असतो. त्याचे काम झालेले असते.